सायकल दुरुस्तीचा खर्च जास्त सांगितला? मोबाईल वापरून दुसरा सल्ला असा घ्या

गिअरची सायकल दुकानात नेली की कधीकधी खर्चाचा आकडा ऐकून धक्का बसतो. 'चेन, कॅसेट, डिरेलर, सगळंच गेलंय' असं सांगितलं जातं. ते खरंही असू शकतं. पण आकडा मोठा असेल तर होकार देण्याआधी दुसऱ्या मेकॅनिकचं मत घेतलेलं बरं. माझ्या भाच्याच्या सायकलचे गिअर उड्या मारत होते. एका दुकानात डिरेलर बदलायला सांगितला, तर दुसऱ्या ठिकाणी नुसता वाकलेला हँगर सरळ करून काम झालं. फोन नीट वापरला तर असा सल्ला सायकल गावभर न फिरवताही बऱ्याच अंशी मिळतो.

आधी हे तीन प्रश्न विचारा

१. कोणता पार्ट खराब आहे आणि तो मला दाखवता का?
२. पार्टचे किती आणि लेबरचे किती, हे वेगवेगळं लिहून द्याल का?
३. आत्ता न बदलता सायकल चालवली तर काय होईल?

उत्तरं कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर घ्या. पार्टचा ब्रँड आणि मॉडेल नंबरही मागा. नंबर असला की किंमत ऑनलाइन ताडून बघता येते. नुसतं 'गिअरचं काम' असं लिहिलं असेल तर तुलनाच होत नाही. सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. अंदाजपत्रकात जुना दर लावला नाही ना, तेही बघा.

घरी करता येणाऱ्या चार तपासण्या

चेन: चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, म्हणजे नवीन चेनच्या २४ पिनांचं अंतर बरोबर १२ इंच भरतं. स्टीलची मेजर टेप घ्या. टेपचं टोक थोडं हलतं, म्हणून १ इंचाची खूण एका पिनेच्या मधोमध ठेवा. पेडल थोडं दाबून चेन ताणलेली ठेवा आणि १३ इंचाच्या खुणेजवळ फोटो काढा. पिन खुणेच्या १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ आली. १/८ इंच पुढे असेल तर बहुतेक कॅसेटही झिजलेली असते. अशा वेळी फक्त नवीन चेन टाकली तर ती जुन्या दातांवर घसरते. म्हणजे 'दोन्ही बदला' म्हणणारा मेकॅनिक दरवेळी फसवतोच असं नाही.

हँगर: मागचा डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या पट्टीने जोडलेला असतो तिला हँगर म्हणतात. सायकल उजव्या बाजूला पडली की तो वाकतो. कॅमेऱ्यात ग्रिड चालू करून बरोबर मागून फोटो घ्या. डिरेलरच्या दोन्ही छोट्या चाकांची रेष कॅसेटच्या दातांना समांतर दिसली पाहिजे. तिरकी दिसली तर पहिला संशय हँगरवर घ्या.

चाकाचा आऊट: चाक उचलून फिरवा आणि रिम व ब्रेकपॅडमधल्या फटीचा स्लो-मोशन व्हिडिओ काढा. डिस्क ब्रेक असेल तर फ्रेमला केबल टाय बांधून त्याचं टोक रिमजवळ आणा. फट कमी-जास्त होत असेल तर आऊट आहे. बरेचदा तारा कसून तो निघतो. रिमला चीर किंवा खोल पोचा असेल तर मात्र रिम बदलावीच लागते.

कटकट आवाज: पेडल मारताना आवाज आला की लगेच बॉटम ब्रॅकेटवर खापर फुटतं. आधी सीटवरून उठून पेडल मारा. आवाज थांबला तर तो सीट किंवा सीटपोस्टचा असू शकतो. मग सायकल उभी करून क्रँक आडवा हलवून बघा. दोन्ही बाजूंचे क्रँक एकत्र खुळखुळले तर बॉटम ब्रॅकेटची शंका रास्त आहे.

दुसऱ्या मेकॅनिकला काय पाठवायचं?

पहिल्याने काय निदान केलं आणि किती पैसे सांगितले, हे सुरुवातीला अजिबात सांगू नका. फक्त त्रास सांगा. नाहीतर तो त्याच आकड्याच्या आसपास बोलतो. मी असा मेसेज पाठवतो:

'सायकल अमुक मॉडेल, मागे ८ गिअर. चढावर जोर दिला की चेन घसरते, सपाटीला नाही. दोन आठवड्यांपासून. मागच्या महिन्यात पडली होती. चेन कधी बदललेली नाही. व्हिडिओ सोबत आहे. काय असू शकतं?'

व्हिडिओ व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे क्वालिटी कमी होत नाही. आवाजाचा त्रास असेल तर फोन जवळ धरून शांत जागी रेकॉर्ड करा. एआय चॅटबॉटला फोटो दाखवून प्रश्नांची यादी काढून घ्यायला हरकत नाही. पण बेरिंगचा खडखडाट हातालाच कळतो, फोटोवरून कळत नाही. शेवटचा निर्णय प्रत्यक्ष सायकल बघणाऱ्याचाच घ्या.

इथे थांबू नका

ब्रेक, फ्रेम, फोर्क आणि हँडल यांच्या बाबतीत दुसरं मत मिळेपर्यंत सायकल चालवू नका. फ्रेमच्या वेल्डिंगजवळ केसासारखी रेष दिसली किंवा कार्बन फोर्कला मार बसला असेल तर सायकल हातात धरून किंवा टेम्पोतून न्या. डिस्क ब्रेकच्या बऱ्याच रोटरवर किमान जाडी कोरलेली असते. शिमानोच्या रोटरसाठी ती १.५ मिमी आहे. ब्रेकपॅडचं मटेरियल ०.५ मिमी उरलं की ते बदलायचं. इथे पैसे वाचवायचे नाहीत.

दोन मतं वेगळी आली तर?

स्वस्त सांगणारा बरोबरच, असं धरू नका. जो पार्ट हातात देऊन झीज दाखवतो, त्याचं ऐका. शक्य असेल तर स्वस्त उपाय आधी करायला सांगा: हँगर सरळ करणं, केबल बदलणं, गिअर सेट करणं. एकेक काम झाल्यावर सायकल चालवून बघा. पहिल्या दुकानदाराने तपासणीचे पैसे मागितले तर द्या, त्याचाही वेळ गेलेला असतो.

काम झाल्यावर जुने पार्ट परत मागा आणि बिल घ्या. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. वाद मिटला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. तेव्हा तुमच्या फोनमधले फोटो, चॅट आणि बिल हाच पुरावा ठरतो, म्हणून ते डिलीट करू नका.