उरणच्या भट्ट्या आणि जिभेची पारख

उरण म्हणजे कंटेनर, हे समीकरण न्हावाशेवा बंदर १९८९ साली सुरू झाल्यावर रूढ झाले. एकोणिसाव्या शतकात मात्र मुंबईच्या बाजारात उरणचे नाव निघे ते मिठापायी आणि मोहाच्या दारूपायी. या दुसऱ्या जिनसेविषयी सभ्य मंडळी सहसा बोलत नाहीत. आपण आज थोडे बोलू.

या किनाऱ्यावर पेय घरोघर सिद्ध होई. भंडारी माडावर चढून पोयीला छेद देई आणि खाली मडके बांधी. मडक्याला आतून चुना लावलेला असला की रस गोड राही, ती नीरा. चुना नसला की हवेतले किण्व आपले काम करी. सकाळी गोड, दुपारी फेसाळ, सायंकाळी तिखट आणि पुढे सिरका होण्याच्या वाटेवर आंबट, असा माडीचा दिनक्रम असे. तिचा कैफ साधारण बिअरइतका. पिणाऱ्याला घोटावरून वेळ सांगता येई म्हटले तरी चालेल! गोव्यात आणि वसईकडे पावाचे पीठ याच माडीने फुगवीत, म्हणजे ही पारख पिणाऱ्यांपुरतीच नव्हती.

मुंबई सरकारचा अबकारी कायदा १८७८ चा. छेदावयाच्या झाडांवरील कर त्याने भारी झाला, गावोगावच्या भट्ट्या बंद झाल्या आणि गाळप मोजक्या ठिकाणी, मुख्यतः उरणला, एकवटले. पंचमहालाकडची मोहाची फुले तेथे येत आणि गाळलेली दारू मुंबईस जाई. गावच्या लोकांनी गाळणे सोडले नाही, तेव्हा १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. कातकऱ्यांच्या घरी हे फूल अन्नही होते. महसुलाच्या हिशेबात एवढा बारकावा कोण पाहणार?

पारख आता हायड्रोमीटरकडे गेली. ब्रिटनने सायक्सचे हे यंत्र १८१६ च्या कायद्याने प्रमाण मानले होते. आपल्या दुकानांत २५ आणि ६० अंश 'अंडर प्रूफ' अशा दोन ताकदींची दारू विकली जाई. ती आंबूस आहे की करपट, याची सरकारी वहीत नोंद नसे. आकडा जुळला की कर ठरला.

यंत्राला दोष देणे मात्र योग्य नव्हे. हल शहरातील जॉन रिचर्डसन याने १७८४ साली बिअरच्या कामी असेच यंत्र वापरून दाखविले, ते माल्टाच्या रसातील गोडी मोजण्यासाठी. विलायतेत घरी बिअर करणारे हौशी लोक आजही तेच करतात. कृती आधी आकड्यांत मांडावयाची; रस १.०५० वरून १.०१० वर उतरला की मद्यार्क सुमारे सव्वापाच टक्के. पुढचे काम जिभेचे. माल्ट नुसते चावून पाहावयाचे, हॉपचा कडूपणा ओळखावयाचा, दोन घाण्यांचे नमुने शेजारी ठेवून चाखावयाचे. तेथे आकडा करणाऱ्याच्या हाती असतो, आणि आमच्या मते सारा फरक तेथेच आहे.

आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्यावाचून घरीही मद्य करणे गुन्हा आहे. उरणच्या त्या भट्ट्या गेल्या. पण देशी व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के हा चमत्कारिक आकडा छापलेला असतो, तो जुन्या २५ अंश 'अंडर प्रूफ'चेच आजचे रूप होय.