रिमोटला हसलेले आम्ही

१६ सप्टेंबर २००५ ची गोष्ट. त्या दिवशी टोकियो गेम शोमध्ये (नाव टोकियोचं असलं तरी हा मेळा भरतो शेजारच्या चिबामध्ये, माकुहारी मेस्से नावाच्या भल्यामोठ्या प्रदर्शन केंद्रात) निन्टेन्डो कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता भाषणाला उभे राहिले. कंपनीचं नवं यंत्र येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं तात्पुरतं नाव होतं 'रिव्होल्यूशन'. पण ते खेळायचं कशानं, त्याचा कंट्रोलर कसा असेल, हे कंपनीनं लपवून ठेवलं होतं. इवातांनी तो त्या दिवशी दाखवला आणि आम्ही बघतच राहिलो. कारण तो चक्क टीव्हीच्या रिमोटसारखा दिसत होता.

'आम्ही' म्हणजे गेम खेळणाऱ्यांची जगभर पसरलेली जमात. एकमेकांना न ओळखणारी, पण वेड एकच. सोबत एक छोटी फिल्मही दाखवली होती. गंमत म्हणजे तिच्यात एकही गेम दिसत नव्हता, दिसत होती ती फक्त खेळणारी माणसं. कोणी ती कांडी तलवारीसारखी फिरवतंय, कोणी गळ टाकून मासे पकडतंय, कोणी भाजी चिरतंय, कोणी वाद्यवृंदाचं संचालन करतंय. आजी-आजोबाही होते त्यात.

मी ती फिल्म पाहिली आणि खो खो हसलो. तेव्हा उठलेला बहुतेक गदारोळ माझ्याच जातीचा होता. हात दुखून येतील. दिवसभर दमून घरी आल्यावर सोफ्यावर पडून खेळायचं असतं, नाचायचं नसतं. इतक्या कमी बटणांत मारामारीचे गेम खेळणार कसे? जुनेजाणते म्हणाले, १९८९ साली 'पॉवर ग्लव्ह' नावाचा हातमोजा आला होता, आठवतो ना? दिसायला झकास आणि खेळायला निव्वळ ताप. तेच होणार. काही जणांना मात्र ती कल्पना पहिल्याच दिवशी भुरळ घालून गेली. त्यांना आम्ही भाबडे म्हणालो.

आज मागे वळून पाहताना वाटतं, की आमच्या त्या हसण्यात थोडी भीतीही होती. ती कसली हे समजायला कंट्रोलरचा इतिहास थोडा बघावा लागेल.

१९८२ साली निन्टेन्डोच्या गुनपेइ योकोई यांनी 'डाँकी काँग' या हातात मावणाऱ्या छोट्या खेळासाठी अधिकच्या चिन्हाच्या आकाराचं एक बटण बनवलं. डाव्या अंगठ्यानं चार दिशा. पुढच्याच वर्षी, जुलै १९८३ मध्ये, फॅमिकॉम आला तेव्हा हे बटण त्याच्या कंट्रोलरवर होतं आणि उजव्या अंगठ्यासाठी ए आणि बी अशी दोन बटणं. बस्स. १९९० च्या सुपर फॅमिकॉममध्ये उजवीकडे चार बटणं झाली, वर खांद्यांवर आणखी दोन. १९९६ च्या निन्टेन्डो ६४ मध्ये अंगठ्यानं कलवायची दांडी आली. मग सोनीनं दोन दांड्या दिल्या, त्या दाबताही येऊ लागल्या. २००५ पर्यंत चांगल्या खेळाडूचे दोन्ही अंगठे आणि तर्जन्या मिळून डझनभर बटणं न बघता चालवत होत्या.

ही एक प्रकारची साक्षरताच होती. वाचता येणाऱ्याला अक्षरं दिसत नाहीत, थेट शब्द दिसतो. तसं आम्हाला बटणं दिसत नव्हती. आणि वाचता येणाऱ्या माणसाला, न येणाऱ्याचं काय होतं हे कधीच आठवत नाही.

मला मात्र एक प्रसंग आठवतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे जे टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम मिळायचे ते बहुतेक त्या फॅमिकॉमच्याच नकला. तसला एक आमच्याकडे होता. कॅसेट घालायची, चॅनेल लावायचं आणि मारिओ सुरू. कंट्रोलर हा शब्दच आम्हाला माहीत नव्हता. आम्ही त्याला रिमोट म्हणायचो. एका सुट्टीच्या दुपारी आई म्हणाली, "बघू, मला दे जरा." दिला. मारिओला खड्ड्यावरून उडी मारायची होती. आईनं बटण दाबलं आणि त्याच वेळी रिमोट धरलेले दोन्ही हात झटक्यानं वर उचलले. स्वतःही जराशी उठली. मारिओ खड्ड्यात. पुन्हा तेच. आम्ही भावंडं हसून लोळत होतो. तिसऱ्यांदा मारिओ पडल्यावर मी "दे, तुला नाही येत" म्हणून रिमोट काढून घेतला. ती उठून चहा टाकायला गेली. त्यानंतर तिनं कधी मागितला नाही.

आता पुन्हा इवातांकडे. निन्टेन्डोपुढे तेव्हा मोठाच प्रश्न होता. घरात टीव्हीला लावायच्या त्यांच्या यंत्रांचे जगभरातले खपाचे आकडे बघा. फॅमिकॉम ६ कोटी १९ लाख, सुपर फॅमिकॉम ४ कोटी ९१ लाख, निन्टेन्डो ६४ ३ कोटी २९ लाख आणि २००१ चा गेमक्यूब २ कोटी १७ लाख. दर पिढीला उतरती पायरी. समोर सोनीचं प्लेस्टेशन २, जे शेवटी साडेपंधरा कोटींच्या वर गेलं. अधिक ताकदीचं, अधिक महाग यंत्र बनवून ही शर्यत जिंकता येणार नव्हती. खुद्द जपानमध्ये गेमचा बाजार काही वर्षं आकसत चालला होता. २००२ साली अध्यक्ष झालेले इवाता मूळचे प्रोग्रॅमर. त्यांचं म्हणणं असं, की आपण आहे त्याच गिऱ्हाइकासाठी भांडतोय. जे खेळतच नाहीत त्यांचं काय? ते का खेळत नाहीत?

त्यांचं एक निरीक्षण मला फार आवडतं. टीव्हीचा रिमोट टेबलावर पडलेला असतो आणि घरातला कोणीही तो सहज उचलतो. गेमचा कंट्रोलर मात्र खेळणाऱ्याशिवाय कोणी हातात घेत नाही. म्हणून या नव्या वस्तूला कंट्रोलर न म्हणता 'रिमोट'च म्हणायचं, असा त्यांचा आग्रह होता. आम्ही दहा वर्षं आधीपासून म्हणत होतो, पण ते सोडा :-)

आत काय होतं? फार नवलाचं काही नाही. मोटारीतल्या एअरबॅगला धडक ओळखायला जसा वेग-बदल मोजणारा सेन्सर लागतो, त्याच कुळातली एक चिमुकली चिप. तिच्यात सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हात हलला की तो सरकतो आणि ते सरकणं मोजलं जातं. कांडीच्या टोकाला इन्फ्रारेड प्रकाश पाहणारा छोटा कॅमेरा. टीव्हीजवळ ठेवायच्या पट्टीला 'सेन्सर बार' म्हणत, पण तिच्यात सेन्सर नव्हताच, दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे होते फक्त. लोकांनी तिच्याऐवजी दोन मेणबत्त्या लावून काम भागवून दाखवलं. जुनं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते भलत्याच ठिकाणी वापरायचं, ही योकोईंचीच शिकवण. ते स्वतः १९९७ मध्येच अपघातात गेले होते.

२७ एप्रिल २००६ ला यंत्राचं खरं नाव जाहीर झालं, 'वी'. म्हणजे 'आपण' असा ध्वनी. पण इंग्रजीत लहान मुलं लघवीला याच उच्चाराचा शब्द वापरतात, त्यामुळे आमच्या जमातीला आणखी एक मेजवानी मिळाली. दोनच आठवड्यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या ई-थ्री प्रदर्शनात लोकांना ते प्रत्यक्ष खेळायला मिळालं. दारं उघडताच लोक निन्टेन्डोच्या दालनाकडे पळत सुटले आणि तासन्‌तास रांगेत उभे राहिले. त्यात आदल्या महिन्यात विनोद करणारेही असणारच. १९ नोव्हेंबर २००६ ला 'वी' अमेरिकेत आलं २५० डॉलरला, प्लेस्टेशन ३ त्याच आठवड्यात ५०० आणि ६०० डॉलरला. वी महिनोन्‌महिने दुकानांत टिकत नव्हतं.

हसायला विषय मिळतच होते म्हणा. जोशात लोकांच्या हातून रिमोट सुटून टीव्हीवर आदळू लागले. डिसेंबर २००६ मध्ये कंपनीनं मनगटाच्या ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी दाखवली. २००७ मध्ये स्पेनच्या एका डॉक्टरानं नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून वीवर टेनिस खेळून खांदा दुखावल्याची नोंद केली. पण त्याच काळात वृद्धाश्रमांत वीवरच्या बोलिंगचे सामने रंगत होते आणि फिजिओथेरपीवाले रुग्णांच्या हातात तो रिमोट देत होते.

डिसेंबर २००८. आईला घेऊन मी न्यू जर्सीला मावसभावाकडे गेलो होतो. बाहेर बर्फ, घरात दहा माणसं. त्याच्या मुलीनं आईच्या हातात रिमोट दिला आणि म्हणाली, "आजी, चेंडू टाकतात तसा हात फिरव." आईनं पदर खोचला, हात मागे नेला आणि फिरवला. दहाच्या दहा खुंट्या पडल्या. मला मात्र हसू आलं नाही. ती करत होती ते तेच होतं, जे तिनं तेव्हा मारिओसाठी केलं होतं. मनातली हालचाल शरीरात उतरत होती. फरक इतकाच, की या वेळी यंत्राला ती कळत होती. मारिओच्या वेळी चूक तिची आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

आता न्याय करायचा तर आमच्या बाजूनंही बोलायला हवं. आमच्या सगळ्या शंका खोट्या नव्हत्या. चिपला हात किती जोरात हलला ते कळे, नेमका कसा वळला ते नीट कळत नसे. त्यासाठी २००९ मध्ये वेगळा जोड विकत घ्यावा लागला. सोफ्यावर बसून मनगटाचा हलका झटका दिला तरी टेनिस जिंकता येई, हे जाणत्यांना दोन दिवसांत समजलं होतं. 'झेल्डा' मालिकेच्या २००६ च्या गेममधला नायक डावखुरा, पण बहुतेक माणसं रिमोट उजव्या हातात धरणार, म्हणून वीसाठी अख्खं जगच आरशात पाहिल्यासारखं उलटं करावं लागलं! आणि मुख्य म्हणजे, वी खपलं १० कोटी १६ लाख, पण नव्यानं आलेली ती माणसं बरीचशी परतही गेली. २०१२ चं वी यू जेमतेम १ कोटी ३६ लाख खपलं. २०११ चा झेल्डा हात हलवल्याशिवाय खेळताच येत नसे. २०२१ मध्ये तो पुन्हा काढला तेव्हा नुसत्या बटणांनी आणि दांड्यांनी खेळायची सोय द्यावी लागली.

म्हणजे आम्ही जिंकलो? तसंही नाही. २०१७ च्या स्विचमध्ये बटणंही आली, दोन दांड्याही आल्या आणि हालचाल ओळखणारे सेन्सरही राहिले. दांडीनं ढोबळ नेम धरायचा आणि कंट्रोलर किंचित कलवून तो अचूक करायचा, हे आज तरबेज खेळाडूंच्या अंगवळणी पडलंय. पूर्वी ज्या हात हलवण्याची थट्टा झाली, त्यातलाच एक बारीक तुकडा त्यांनी आपलासा केला. इवाता ते बघायला राहिले नाहीत. ११ जुलै २०१५ ला ते गेले, अवघ्या ५५ व्या वर्षी.

टी-ट्वेंटी आलं तेव्हा कसोटीच्या दर्दींनी असंच नाक मुरडलं होतं. दर्दी माणूस खेळावर प्रेम करतो हे खरंच, पण ते कमवायला जी वर्षं घातली त्या वर्षांवरही करतो. दार सगळ्यांना उघडलं की ती वर्षं फुकट गेल्यासारखी वाटतात. २००५ मध्ये मला नेमकं तेच वाटलं असावं. अंगठ्यांनी कमावलेली माझी जागा कोणाची तरी आजी हात हलवून घेणार होती. ती आजी माझीच आई निघेल हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

असो. मध्यंतरी आईला विचारलं, तो मारिओ आठवतो का? म्हणाली, "मारिओ कसला रे, मला काही आठवत नाही. तू रिमोट काढून घेतला होतास, तेवढं आठवतं."