शीव, बांध आणि वहिवाट

शेजाऱ्याशेजाऱ्यांतला हद्दीचा वाद धर्मशास्त्रकारांनी एक स्वतंत्र प्रकरण मानला होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायानुसार असा वाद ज्येष्ठ महिन्यात मिटवावा, कारण तेव्हा हद्दीच्या खुणा उघड्या दिसतात. वड, पिंपळ, पळस, सावर ही झाडे शिवेवर लावावीत. शिवाय हाडे, कोंडा, राख, खापऱ्या, विटा, कोळसे जमिनीखाली पुरून ठेवावेत. वरची खूण कोणी हलवली तरी खालची सापडावी, हा त्यामागचा हेतू. खुणा पाहूनही शंका राहिली, तर साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन आणि तांबडी वस्त्रे नेसून हद्द सांगावी.

मराठेशाहीतही गावाच्या शिवेचा निकाल मुख्यतः माणसांच्या आठवणीवरच लागत असे. गोतसभेत पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारगावचे वतनदार बसत, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. यात महाराच्या साक्षीचे वजन फार मोठे होते. शिवेची राखण हे त्याचे वतनी काम. कोणता दगड कुठे, ओढा पूर्वी कुठून वाहत होता, हे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच घरात ठाऊक असे. गावाने ज्याला वस्तीबाहेर ठेवले, त्याच्याच शब्दावर गावाची जमीन टिकत होती. गावगाड्याच्या इतिहासातली ही विसंगती नजरेआड करता येत नाही. साक्षींनी उलगडा झाला नाही तर दिव्याची, म्हणजे देवाच्या भरवशावर घेतलेल्या कसोटीची, पाळी येई. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढण्याचे रवादिव्य त्यांतले विशेष प्रसिद्ध.

इंग्रजी अमलात हद्द माणसाच्या तोंडातून कागदावर गेली. पुणे प्रांतात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली पहिली पाहणी फसली. त्यानंतर 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने मोजणी सुरू केली आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात रुजली. 33 फुटी साखळी, तिचे 16 आणे. साखळीचा चौरस म्हणजे गुंठा आणि 40 गुंठ्यांचा एकर. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, कोपऱ्यांवर दगड रोवले गेले, मापे टिपणात उतरली. 1879 च्या जमीन महसूल कायद्याने या खुणांच्या दुरुस्तीची जबाबदारी जमीनधारकावर टाकली आणि खूण नष्ट करणाऱ्याला दंड ठेवला. तरी बांध कोरणे थांबले नाही. दर नांगरटीला फाळ बांधात बोटभर सरकतो आणि दहा-वीस वर्षांत एक तास शेजाऱ्याचे होऊन जाते. मोजणीवाला टिपण घेऊन आला की हे उघड होते. म्हणून बांधाच्या भांडणाला निदान उत्तर तरी आहे.

वाटेचे तसे नव्हते. गावनकाशात गाडीरस्ते आणि पाणंदी तुटक रेषांनी दाखवल्या गेल्या. पण शेतातून शेतात जाणारी बांधावरची वहिवाट बहुधा नोंदीविना राहिली. मूळ मालक एक होता तोवर तिची गरज नव्हती. वाटण्या होत गेल्या तसा रस्त्यालगतचा तुकडा एकाकडे आणि आतला दुसऱ्याकडे गेला, आणि आतल्याची पेरणी बाहेरच्याच्या मर्जीवर आली. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने 20 वर्षांच्या अखंड, उघड वापराला हक्काचे रूप दिले.  पण तो हक्क दिवाणी कोर्टात सिद्ध करायचा, आणि पेरणी तेवढी थांबत नाही. त्यासाठी 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाने जवळची वाट ठेवली: अडवलेला रस्ता मोकळा करून मागण्यासाठी 6 महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. वाट मुळातच नसेल, तर 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 143 तहसीलदाराला इतरांच्या बांधावरून रस्ता देण्याचा अधिकार देते. निर्णय मान्य नसलेल्याने वर्षभरात दिवाणी दावा लावावा.

बैलगाडी गेली, ट्रॅक्टर आणि उसाचे ट्रक आले, तेव्हा वादाचा मुद्दा रुंदीचा झाला. गाडीला पुरणारा बांध यंत्राला पुरत नाही आणि रुंदी वाढवायची तर दोन्ही बांधकऱ्यांची जमीन जाते. मे 2025 मध्ये राज्य शासनाने शेतरस्ता शक्यतो 3 ते 4 मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या सदरात व्हावी असा निर्णय घेतला. बांधाला कागद मिळाल्यानंतर जवळपास दोन शतकांनी वाटेलाही तो मिळू लागला.