‘माध्यमिक’ या संज्ञेचा पट : जबलपूरच्या शाळांच्या संदर्भात

जबलपूर शहरातील रिछाई हा परिसर औद्योगिक क्षेत्र म्हणून ओळखला जातो. अशा कामगारवस्तीतील ‘शासकीय माध्यमिक शाळा’ म्हणजे सहावी ते आठवीची शाळा होय. महाराष्ट्रात मात्र ‘माध्यमिक’ हा शब्द परंपरेने आठवी ते दहावीसाठी रूढ आहे. एकाच संज्ञेखाली दोन भिन्न वयोगट येत असल्याने दोन राज्यांतील निकालांची सरळ तुलना फसवी ठरते.

या भेदाची मुळे वासाहतिक प्रशासनात आहेत. 1861 मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात हिंदीभाषक जबलपूर आणि मराठीभाषक नागपूर एकाच शिक्षणखात्याखाली होते. तेथे प्राथमिक वर्गांनंतरचा टप्पा ‘मिडल स्कूल’ म्हणून वेगळा काढण्यात आला. मुंबई इलाख्यात मात्र मराठी शिक्षण प्राथमिक शाळेतच पुढे चालून ‘व्हर्नाक्युलर फायनल’पाशी संपत असे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर व जबलपूर वेगवेगळ्या राज्यांत गेले. तथापि मधल्या टप्प्याचे हे स्वतंत्र अस्तित्व मध्य प्रदेशात टिकून राहिले.

टप्पा वेगळा असला की तेथे उंबरठा निर्माण होतो, आणि उंबरठ्यावर मुले गळतात. समजा, पाचवीच्या पटावर 40 मुले आहेत, त्यांपैकी 25 सहावीत आली व 20 आठवी उत्तीर्ण झाली. माध्यमिक शाळेच्या कागदावर हा निकाल 80 टक्के दिसेल. मूळ पटाशी ताडून पाहिल्यास तो 50 टक्केच भरतो. वगळलेली 15 मुले कोणत्या घरांतली होती, हा प्रश्न निकालपत्रक विचारीत नाही.

तो प्रश्न जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात विचारला होता. शेतकऱ्यांच्या करातून उभा राहणारा पैसा उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, असा त्यांचा आक्षेप होता. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, तसेच शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातून घ्यावेत, अशी त्यांची मागणी होती. शाळेचे यश त्यांनी उत्तीर्णांच्या संख्येवर मोजले नाही. शाळेत कोण पोहोचते, यावर मोजले. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये केलेली सक्ती याच विचाराशी जुळणारी होती.

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वयोगट आणि पहिली ते आठवी हे सलग एकक मानले. तत्त्वतः उंबरठा पुसला गेला. विद्यार्थ्याला मागे न ठेवण्याची तरतूदही त्यात होती. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या परीक्षा आणि अनुत्तीर्ण ठरविण्याची मुभा राज्यांना परत मिळाली. निकालाला पुन्हा वजन आले आहे. अशा वेळी ‘युडायस’मध्ये नोंदविला जाणारा इयत्ता, लिंग व सामाजिक प्रवर्ग यांनुसारचा पट निकालाशेजारी ठेवून वाचणे अगत्याचे ठरते. स्थलांतरित कुटुंबांच्या वस्तीत हे विशेषच खरे. तेथे नाव गळणे हे नापास होण्याआधीच घडते, आणि त्याची गुणपत्रिका कोणी लिहीत नाही.