टिटिकाकाच्या काठावर : प्रस्तावना

दक्षिण अमेरिका म्हटले की मराठी वाचकाला ॲमेझॉनचे अरण्य, ब्राझीलचा फुटबॉल आणि फार तर माचू पिच्चू आठवते. त्याच खंडात पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८१० मीटर उंचीवर टिटिकाका सरोवर पसरले आहे. काठाने आयमारा आणि केचुआ बोलणारे शेतकरी, मेंढपाळ, कोळी राहतात. त्यांच्या या मुलखात शिरायला पांडित्य लागत नाही, थोडा धीर लागतो.

वाचकांनी सुरुवात इंका राजांपासून करू नये, असा माझा आग्रह आहे. बटाट्यापासून करावी. उपवासाच्या भाजीपासून वड्यापर्यंत आपण ज्याला घरचाच मानतो, तो अँडीजच्या याच टापूत हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आला. पण बटाटा फार दिवस टिकत नाही. म्हणून जून-जुलैच्या ऐन हिवाळ्यात शेतकरी लहान बटाटे उघड्या माळावर पसरतात. रात्री ते गोठतात, दिवसा कडक उन्हात सैल पडतात. मग घरची माणसे अनवाणी पायांनी तुडवून त्यांतले पाणी आणि साली काढतात. पुन्हा वाळवले की काळपट, खड्यासारखा टणक पण वजनाला हलका चुन्यो तयार होतो. तो वर्षानुवर्षे राहतो. पिकाचा वैरी असलेल्या गारठ्यालाच इथे राबवून घेतले आहे, हे ध्यानात आले की पुढचे बरेच काही उलगडते.

सरोवराकाठची प्राचीन शेतेही त्याच नजरेने पाहावीत. पाणथळ जमिनीत चर खणायचे आणि निघालेली माती मधल्या पट्ट्यांवर चढवायची, अशी ती रीत. चरांतले पाणी दिवसाची ऊब धरून ठेवते, रात्री सोडते आणि पीक गारठ्यातून वाचते. १९८० च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी स्थानिक शेतकऱ्यांना घेऊन अशी शेते पुन्हा उभारली. सुरुवातीला पीक चांगले आले, तरी पुढे बहुतेक शेते सोडून दिली गेली. चरांची निगा राखायला माणसे फार लागतात. एवढे हात पूर्वी कोण आणि कसे गोळा करत असे? अभ्यासकांचा खरा वाद इथे आहे, आणि तो चविष्ट आहे.

मग तिवानाकूकडे वळा. साधारण इसवी सन ५०० ते १००० या काळात भरभराटलेल्या या नगरातले सूर्यद्वार एकाच शिळेतून कोरलेले आहे. १५४९ मध्ये स्पॅनिश बखरकार पेद्रो सिएसा दे लेओन तिथे पोचला. या वास्तू इंकांच्या काळातल्या का, असे त्याने विचारताच स्थानिक लोक हसले. त्या इंकांच्याही आधीच्या, असे त्यांनी सांगितले. उत्खननांनी त्यांचेच म्हणणे खरे ठरवले. या लोकांनी स्वतः लिहून ठेवलेला इतिहास नसल्याने जेत्यांच्या बखरींवाचून आपले चालत नाही. त्या सावधपणे वाचाव्यात; मात्र आपल्या प्रश्नावरचा हशा नोंदवून ठेवणाऱ्या सिएसावर माझा जरा अधिक लोभ आहे.

तोतोरा लव्हाळ्यांची तरंगती बेटे, ताकिले बेटावरचे टोप्या विणणारे पुरुष, त्वचेच्या घड्यांतून श्वास घेणारा महाकाय बेडूक आणि काठच्या शहरांतून सरोवरात येणारे सांडपाणी, हे सारे पुढच्या वाचनात भेटेलच. प्रत्यक्ष जाणार असाल तर फेब्रुवारी निवडा. तेव्हा पुनो शहरात कांदेलारिया मातेचा उत्सव असतो आणि रस्तोरस्ती नाचणाऱ्यांचे ताफे निघतात. पहिले एक-दोन दिवस मात्र स्वस्थ बसावे. त्या उंचीवर दोन जिने चढतानाही धाप लागते.