ओळख कोण देणार?

वाशीच्या आमच्या घरी संगणकाचा मदरबोर्ड बदलला आणि नव्या बोर्डाने जुन्या हार्ड डिस्कला ओळखच दाखवली नाही. तीत आमच्या कैलासवासी आईचे सगळे फोटो! सौ. म्हणाली, "बँकेत तुम्ही तरी वेगळं काय करता?"

खरं होतं. पूर्वी आमच्याकडे खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागे. संगणकाचंही तेच. १९८४ च्या आयबीएम एटीला डिस्कच्या प्रकाराचा क्रमांक माणसानेच सांगावा लागे. आतली बॅटरी संपली की स्वारी सारं विसरे. पुढे आयडीई डिस्क विचारल्यावर आपलं नावगाव स्वतःच सांगू लागली. २००३ साली साटा आली, तीही बोलकी.

मग आमचीच मुकी का? पुस्तिका उघडली. चिरंजीवांच्या हट्टाने बसवलेल्या नव्या एम.टू डिस्कमुळे साटाचं तेच पोर्ट बंद झालं होतं. एका खुर्चीवर दोन कारकून!

केबल शेजारच्या पोर्टात खोचली. पडद्यावर आई हसत आली. तिला बघून आम्हीच जरा गप्प झालो. तिची ओळख कुणी द्यावी लागली नाही.