स्फटिकातल्या सुया आणि रत्नपारख्यांचा दोष



घरी बसून दागिने घडवणाऱ्या आपल्या बायकांकडे हल्ली एक खडा वरचेवर दिसतो. पाण्यासारखा नितळ स्फटिक आणि त्याच्या पोटात सोनेरी केसांसारख्या सरळ सुया. चांदीच्या तारेत गुंफला की फार देखणा दिसतो. विकणारे त्याला रुटाइल क्वार्ट्झ म्हणतात. सुया काळ्या असतील तर त्या बहुधा तुरमलीच्या. आज या सुयांसाठीच जास्त पैसे मोजतात. पण एके काळी स्फटिकातल्या अशा रेघेला दोष समजत.

रोमन लेखक प्लिनी याने इ. स. 77 च्या सुमारास आपला मोठा निसर्गग्रंथ लिहिला. त्यातलं शेवटचं, 37 वं प्रकरण रत्नांचं आहे. स्फटिक म्हणजे अतिथंडीने कायमचा गोठलेला बर्फ, असं तो समजे. ते चुकीचं होतं, पण भारतातून येणाऱ्या स्फटिकाला तो सगळ्यांत वरचा मान देतो. स्फटिकाचे दोष मोजताना तडा गेल्यासारख्या दिसणाऱ्या केसाचाही तो उल्लेख करतो. कारागीर अशा दोषावर नक्षी कोरून तो झाकत, आणि अगदी निर्दोष स्फटिक मात्र बिननक्षीचाच ठेवत.

आपल्याकडेही पारख दोषापासूनच सुरू होई. रेघ, बिंदू, काकपद हे हिऱ्याचे दोष रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत ठरलेले आहेत. या विद्येत एका जैन श्रावकाचं नाव मोठं आहे, ते ठक्कुर फेरू. ‘वास्तुसार’ लिहिणारे तेच हे फेरू. दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या खजिन्यातली रत्नं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि 1315 मध्ये आपल्या मुलासाठी, हेमपालासाठी, प्राकृतात ‘रयणपरिक्खा’ लिहिली. बापाने मुलाच्या हाती धन देण्याआधी नजर दिली, हे मला फार आवडतं.

मग या सुया आहेत तरी काय? 1795 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोथ याने रुटाइल हे खनिज तपासलं. त्यात त्याला एक नवा धातू आढळला, त्याचं नाव त्याने टायटॅनियम ठेवलं. रुटाइल हे नाव तांबूस या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं. स्फटिक म्हणजे सिलिका, सुई म्हणजे टायटॅनियमचं ऑक्साइड. बहुतेक वेळा सुया आधी तयार होतात आणि गरम खनिजयुक्त पाण्यातून स्फटिक त्यांच्याभोवती वाढतो. म्हणजे ना तो तडा, ना तो मळ. दोन पदार्थ एकाच जागी राहतात, पण सुई स्फटिक होत नाही आणि स्फटिक सुई होत नाही.

इथे मला आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसारा’तला स्फटिकाचा दृष्टांत आठवतो. स्फटिकमणी स्वभावाने शुद्धच असतो, तो लाल होतो तो दुसऱ्या द्रव्यामुळे, तसेच आत्म्यातले रागादी भाव. स्वाध्यायात हा दृष्टांत आला की आपल्या डोळ्यांसमोर जास्वंदीशेजारी ठेवलेला स्फटिक येतो. सुयांचा खडा पाहताना तोच भेद वेगळ्या तऱ्हेने दिसतो. इथे परकं द्रव्य शेजारी नाही, पोटात आहे, तरीही ते परकंच.

बाजाराने मात्र या खड्याला आणखी एक गुण चिकटवला आहे. ‘हा घातला की पैसा येतो.’ कर्मसिद्धांत मानणाऱ्या घरात हे बोलणं शोभत नाही. खडा आवडला तर शोभेसाठी घालावा. काचेला फसू नये म्हणून भिंगाखाली बघावं. आत गोल बुडबुडे असतील तर ती काच.

पण खरा दोष आपण अजून पाहिलाच नाही. मूलाचारात आणि उत्तराध्ययन सूत्रात, म्हणजे दोन्ही परंपरांत, पृथ्वीकायाच्या प्रकारांत स्फटिकाचं नाव येतं. खाणीतला दगड आपल्या दृष्टीने सजीव. तिथे आपली जबाबदारी सुरू होते, आणि पुढे ती माणसापर्यंत पोहोचते.

सोनेरी सुयांचा उत्तम कच्चा माल ब्राझीलच्या बाहिया राज्यातून येतो. खडे घडवण्याची आपल्या देशातली मोठी पेठ जयपूर. आणि याहून जुनं नाव खंबायतचं. त्याच आखाताजवळच्या लोथलला चार हजार वर्षांपूर्वीचा मण्यांचा कारखाना उत्खननात सापडला आहे. खंबायत आपल्यालाही परकं नाही. स्तंभन पार्श्वनाथांचं ते तीर्थ आणि आचार्य हेमचंद्रांच्या दीक्षेचं गाव. तिथे पिढ्यान्‌पिढ्या अकीक घासला जातो. अकीक आणि स्फटिक एकाच सिलिकाचे. सहाणेवर कोरडा घासला की त्याची बारीक धूळ फुफ्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो. या रोगावर इलाज नाही. हे काम घराघरांत चालतं, त्यामुळे घरातल्या बायका-मुलांच्या श्वासातही तीच धूळ जाते. पाणी सोडून घासलं आणि धूळ ओढून घेणारं यंत्र लावलं तर धोका कमी होतो. पण त्याला खर्च येतो, आणि तो खर्च स्वस्त माळेच्या किमतीत बसत नाही.

पाण्यातल्या बारीक त्रस जीवांसाठी आपण पाणी गाळतो. मग पंचेंद्रिय माणसाचा श्वास आपल्या हिशेबातून का सुटावा?

म्हणून मैत्रिणींनो, खडे घेताना भाव करण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा कुठे घासला? पाण्यावर घासला की कोरडा? विकणाऱ्याला बहुधा ठाऊक नसेल. तरी विचारा. दहा जणींनी विचारलं तर अकराव्या वेळी तो मागे चौकशी करेल. जो नीट सांगेल त्याला चार पैसे जास्त द्या, आणि आपल्या मंडळाच्या प्रदर्शनात दागिन्याच्या चिठ्ठीवर किमतीशेजारी तेही लिहा.